मिस्त्रीची रेती

रस्त्याच्या कडेला बांधकामाच्या रेतीचा ढीग दिसला की मिस्त्री गाडी थांबवायचे. मागे बसलेल्याला उतरावंच लागे. ढिगापाशी उकिडवे बसायचे, मूठभर रेती उचलायचे, जोरात दाबायचे आणि मूठ उघडून तळहाताकडे बघायचे. मग तोंडातून एकच शब्द निघायचा. "घाण." हात झटकायचे आणि पुन्हा गाडीला किक मारायचे. ढिगाचा मालक समोर उभा असला तरी त्यांना काही फरक पडत नसे. एकदा एका घरमालकानं विचारलंच, "काहून हो, आमच्या रेतीले काय झालं?" तर मिस्त्री म्हणाले, "घर बांधायले चांगली हाय. खेळायच्या कामाची नाही." आपल्या रेतीत खेळायला कोण येणार होतं, याचा विचार तो माणूस अजून करत असेल.

असा नाक मुरडत हिंडणारा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आपण त्याला हसतो, आणि त्याचं नाक खरं होतं हे आपल्याला फार उशिरा कळतं. मिस्त्रींच्या बाबतीत मला ते वेळेवर कळलं होतं. तरीही मी जे केलं ते केलं, म्हणून हे लिहितो आहे.

नाव सांगत नाही. नागपूरजवळ हिंगण्याच्या एका ओतकाम कारखान्यात ते साचे बनवायचे आणि मी तपासणी खात्यात होतो, म्हणजे त्यांच्या मालात खोट काढण्याचा पगार घेत होतो. त्यांच्या मालात खोट क्वचितच निघे. साच्याची रेती मुठीत दाबली की तिचा लाडू वळला पाहिजे, त्यावर बोटांचे ठसे उमटले पाहिजेत, तरच वितळलेलं लोखंड तिच्यात ठरतं. मिस्त्रींनी तीसेक वर्षं असे लाडू वळले. आणि उतारवयात या माणसानं न वळणारी रेती शोधायला काढली, कारण त्यांना बीच सॉकरचं वेड लागलं.

बीच सॉकर म्हणजे रेतीवरचा फुटबॉल. एका बाजूला पाच जण, पायात काही नाही, आणि रेती चांगली हातभर खोल. चेंडू जमिनीवरून सरळ जातच नाही, म्हणून तो सारखा हवेत खेळवावा लागतो. मिस्त्रींनी हा खेळ एकदा टीव्हीवर बघितला आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसून म्हणाले, "सेक्रेटरी, हा आपला खेळ हाय गा. आपण इतकी वर्षं बिनबुटाचेच खेळलो. फक्त रेती नव्हती."

समुद्र नागपूरपासून किती लांब आहे हे मी सांगायला नको. मीही तेव्हा तेच म्हटलं. मिस्त्री म्हणाले, "समुद्र कोणाले पाहिजे? त्याच्यात काय आपल्याले पोहायचं हाय?"

सेक्रेटरी म्हणजे मी. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत एक जुना फुटबॉल क्लब आहे, त्याचा मी सचिव. मला कधी धड चेंडू मारता आला नाही. माझं इंग्रजी बरं आणि सही झोकदार, एवढ्या भांडवलावर लोकांनी मला निवडून दिलं. मिस्त्री त्याच क्लबचे जुने फुलबॅक. तरुणपणी अनवाणी खेळून उजव्या पायाची दोन बोटं कायमची वाकडी झालेली. कारखान्यात जाड बूट घालणं सक्तीचं, त्यामुळे परतीच्या बसमध्ये बसले की पहिलं काम बूट काढण्याचं. मग त्या वासानं पुढच्या दोन सीट रिकाम्या व्हायच्या आणि मिस्त्री तिथं पाय पसरून विचारायचे, "हे लोक उठून काहून जातात गा?"

घाण हा शब्द ते सढळ हातानं वापरत. प्लास्टिकच्या कपातला चहा घाण. क्रिकेट घाण, विशेषतः पावसानं थांबलेलं क्रिकेट टीव्हीवर बघत बसणारे लोक फार घाण. स्वतः एकही गोल न अडवता संघावर बोलणारे घाण, यात बरेचदा मी असायचो. पण त्यांच्या घाणीत द्वेष नव्हता. चाळणीतून कचरा बाजूला काढावा तसं ते जग बाजूला काढत, आणि उरलेल्यावर मनापासून प्रेम करत.

मैदान त्यांनी स्वतः केलं. आमच्या मैदानाच्या कोपऱ्यात डबक्याची एक पडीक जागा होती. तिथं दर रविवारी खोदकाम सुरू झालं. रेती कन्हान नदीची. कोणाच्या घरबांधणीतून उरलेली, कोणी ट्रॅक्टरभर दिलेली, सगळी मिस्त्रींनी हातानं चाळली. दोन खांबांमध्ये चाळणी टांगून ते उभे राहायचे, आणि क्लबचे खेळाडू फावड्यानं रेती टाकायचे. चाळून झाली की ते चपला काढून तिच्यावरून सावकाश चालायचे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पावलं घासत. मध्येच थांबून वाकड्या बोटांनी एक खडा उचलायचे आणि कुंपणाबाहेर टाकायचे. मी एकदा म्हटलं, आता पुरे करा. ते म्हणाले, "पुरे झालं की नाही ते पाय सांगते. तू काहून सांगून राहिला?"

एका पावसाळ्यानंतर मैदान तयार झालं. खऱ्या मैदानाच्या निम्मंच असेल, पण त्या रेतीत पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत मऊ जाई. वस्तीतल्या बायका संध्याकाळी तिच्या काठाशी येऊन बसू लागल्या. एक म्हातारी तर रोज म्हणायची की गुडघ्याला बरं वाटतं. मिस्त्री तिला खेळ सुरू व्हायच्या आत उठवत आणि तिची पावलं उमटलेली जागा पुन्हा सारखी करत.

या मैदानावर सगळ्यात जास्त लोळला तो प्रवीण. मिस्त्रींच्या बहिणीचा मुलगा, अठ्ठावीस वर्षांचा, ई-रिक्षा चालवणारा, घरी बायको आणि एक मुलगी. गवतावरच्या फुटबॉलमध्ये त्याचं वय सरत आलं होतं, पण रेतीवर तो वेगळाच माणूस व्हायचा. त्याची खासियत म्हणजे पलटी. गोलकडे पाठ, चेंडू स्वतःच पायानं वर उडवायचा, अंग मागे झोकून द्यायचं आणि हवेत आडवं होऊन डोक्यावरून चेंडू मारायचा. बघणारे काठावर उठून उभे राहायचे. मिस्त्रींनी ही पलटी त्याला महिनोन्महिने शिकवली. त्यात चेंडूपेक्षा पडण्याचा सराव जास्त होता. पाठ कशी टेकायची, हात कुठे ठेवायचे, मान कशी आत घ्यायची. ते म्हणायचे की ही पलटी खेळाडू मारत नाही, खालची रेती मारू देते.

मग आपला राष्ट्रीय संघ आशियाई स्पर्धेत उतरला. हे मला नीट सांगितलं पाहिजे, कारण मिस्त्रींच्या रागाचं मूळ तिथं होतं. आपला देश फार पूर्वी एकदा या खेळाच्या पात्रता स्पर्धेला गेला होता आणि हरून आला होता. त्यानंतर इतकी वर्षं संघच उतरला नाही की तेव्हाचे खेळाडू आता मुलांची लग्नं करत असतील. एवढ्या मोठ्या किनाऱ्याच्या आपल्या देशाची आंतरराष्ट्रीय कामगिरी विचारली तर मध्ये बरीच वर्षं नुसती कोरी. आणि आता इतक्या वर्षांनी पुन्हा संघ गेला.

सामना आम्ही कंपनीच्या बसमध्ये बघितला, माझ्या मोबाइलवर, दुपारपाळी सुरू व्हायच्या आधी. बस खड्ड्यांतून जात होती आणि मोबाइल मिस्त्रींच्या हातात होता. आपण हरत होतो. मी गोल मोजत होतो, ते पाय बघत होते. मग म्हणाले, "आपले पोट्टे रेतीकडं पाहून राहिले. ते लोक बॉलकडं पाहून राहिले. बस, एवढाच फरक हाय." संघ गटातूनच परत आला. बसमध्ये कोणीतरी म्हणालं, कशाला जातात हरायला. मिस्त्री मागे वळून त्याच्यावर असे उखडले की ड्रायव्हरनं आरशात बघितलं. हरण्याची त्यांना लाज नव्हती. इतकी वर्षं गेलोच नाही, पोरांना पायाखाली धड रेती दिली नाही, याची त्यांना किळस येत होती. आणि पुढच्या वेळी त्या संघात प्रवीण असेल, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

संधीही आली. राष्ट्रीय शिबिरासाठी विभागवार निवड चाचणी होणार होती. आमच्या भागासाठी एक विभागीय समिती नव्यानं उगवली होती. तिचं नाव लिहायची मला इच्छा नाही. मिस्त्रींच्या मैदानाची बातमी तिच्यापर्यंत गेली आणि समितीचे अध्यक्ष साहेब एका सकाळी गाडीतून उतरले. मार्च महिन्यात अंगात ब्लेझर. त्यांनी रेतीत पाऊलही टाकलं नाही, बूट खराब होतील म्हणून काठावरूनच बघितलं. म्हणाले, चाचणी इथंच घेऊ, पण मैदान पूर्ण मापाचं आणि दर्जेदार करावं लागेल. ते काम समिती बघेल.

आमच्या नागपुरात मैदान म्हटलं की लोकांना एकच मैदान कळतं. साहेबांनी काम दिलं ते क्रिकेटच्या खेळपट्ट्या बनवणाऱ्या कंत्राटदाराला. मिस्त्री आणि मी तेव्हा लागोपाठ दुहेरी पाळीवर होतो. तीन दिवसांत कंत्राटदाराच्या माणसांनी मिस्त्रींच्या चाळलेल्या रेतीवर ट्रकनं कुठली तरी मातकट रेती ओतली, फळीनं सपाट केली, टँकरनं पाणी मारलं आणि मग, खेळपट्टीला करतात तसा, तिच्यावरून रोलर फिरवला. एकदा नाही, सकाळ-संध्याकाळ. आम्ही तिसऱ्या संध्याकाळी पोचलो तेव्हा मैदान गुळगुळीत होतं, चुन्याच्या रेषा मारलेल्या होत्या आणि मुकादम अभिमानानं म्हणाला की आता यावर चेंडू बघा कसा उसळतो ते.

मिस्त्रींनी मूठभर उचलली. लाडू वळला. त्यांनी तो जमिनीवर ठेवला, आणि तो फुटला नाही. मी त्यांना इतकी वर्षं घाण म्हणताना ऐकलं होतं, त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. नंतर साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले की तुम्ही लोखंडाचं बघा, मैदानाचं आम्हाला बघू द्या.

आता माझी गोष्ट येते. चाचणीआधी यजमान क्लबच्या सचिवानं मैदान तपासून ते खेळायला योग्य असल्याचं लिहून द्यायचं असतं. कागद इंग्रजीत छापलेला होता, खाली माझ्या सहीची जागा होती. मिस्त्री रात्रपाळीला जायच्या आधी संध्याकाळी माझ्या घरी आले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तर आले नाहीत. म्हणाले, "सही करू नको गा. आठ दिवस मागून घे, मी उकरून देतो. पोट्टे घेऊन उकरतो, चाळतो. आठ दिवसांत होते." मी म्हटलं, बघतो.

मी सकाळी सही केली. कारणं मी तेव्हा स्वतःला बरीच सांगितली. चाचणी दुसरीकडे हलली तर प्रवीणचं नुकसान होईल, हे एक. तारीख वरून ठरलेली आहे, हे दुसरं. खरं कारण असं की साहेबांनी माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं होतं आणि मंचावर माझी खुर्ची ठेवली होती. सही करायला जाताना मी मैदानाच्या काठावरून गेलो आणि आत उतरलो नाही, कारण मीही नवे बूट घातले होते. हे आठवलं की अजून तोंड कडू होतं.

चाचणीच्या दिवशी सत्कार दीड तास चालला. शाली, नारळ, मान्यवरांची ओळख. खेळाडू अनवाणी उन्हात उभे होते. मी मंचावर होतो, माझ्याही गळ्यात हार होता. खाली मिस्त्री प्रवीणच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून काहीतरी सांगत होते. काय ते मला नंतर कळलं. ते सांगत होते की आज पलटी मारायची नाही. काहीही होवो, मारायची नाही. सरळ खेळ, तेवढ्यावरही निवडतील.

प्रवीण सरळ खेळला. चांगला खेळला. पण शिबिरासाठी तिघांनाच घेणार होते आणि निवड करणारे मोबाइलमध्ये बघत होते. शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू त्याच्याकडे उडत आला, गोलकडे पाठ, सगळं जसं रोज व्हायचं तसं. त्याचं अंग आपोआप मागे गेलं. चेंडू गोलमध्ये गेला, आणि प्रवीण खाली आला तो रोलर फिरवलेल्या जमिनीवर. आवाज मंचापर्यंत ऐकू आला. निवड करणाऱ्यांनी तेव्हा मोबाइलमधून मान वर केली.

खांद्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले की पाच-सहा महिन्यांत हात बरा होईल, खेळता येईल. आणि नियम असा होता की मैदानाच्या दोषामुळे कोणी जखमी झालं तर त्याला पुढच्या निवडीत थेट पुन्हा संधी मिळते. खेळाडूची स्वतःची चूक असेल तर मिळत नाही. प्रवीणचं सगळं आता त्या एका गोष्टीवर होतं, कारण पुढच्या चाचणीनंतर त्याला वयामुळे कोणी बोलावणार नव्हतं. समितीनं चौकशी लावली.

चौकशी झाली समितीच्या खोलीत. साहेब, त्यांच्याच समितीतले आणखी दोघे, आणि समोर आम्ही दोघं. प्रवीण प्लास्टरमध्ये घरी होता. साहेबांनी मिस्त्रींना विचारलं की ही किक मारू नको असं खेळाडूला कोणी बजावलं होतं का. मिस्त्री खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले, "हाव. मीच सांगतलं होतं."

साहेबांनी लिहून घेतलं की खेळाडूला स्पष्ट सूचना होती आणि त्यानं ती मोडली. मिस्त्रींना एक क्षण कळलंच नाही की आपल्या बोलण्याचं काय झालं. मग ते उठून उभे राहिले. "मी काहून सांगतलं ते विचारा ना साहेब. ती रेती नव्हती, फरशी होती. म्हून सांगतलं."

साहेबांनी माझा कागद पुढे सरकवला. मैदान तपासून योग्य आहे, असं तुमच्याच क्लबनं लिहून दिलंय, म्हणाले. मग माझ्याकडे वळून अगदी सौम्य आवाजात विचारलं, "सेक्रेटरी, सही तुमचीच ना? मैदान पाहूनच केली ना?"

मिस्त्री माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत राग अजिबात नव्हता, उलट सुटका दिसत होती. त्यांना खात्री होती. आता सेक्रेटरी सांगेल की मी मैदानात उतरलो नव्हतो, आणि हे सगळं मिटेल. दोन शब्दांचं काम होतं. माझं फार तर पद गेलं असतं, थोडी नाचक्की झाली असती, वर्षभरात लोक विसरले असते.

मी म्हटलं, "हो. पाहूनच केली."

बाहेर पडल्यावर जिन्यात मिस्त्री दोन पायऱ्या पुढे होते. ते थांबले, पण वळले नाहीत. "तुम्ही मूठ भरली नव्हती," एवढंच म्हणाले आणि उतरून गेले. मला ते कायम अरे-तुरे करायचे. त्या दिवसापासून मी 'तुम्ही' झालो. मला घाण म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

नंतर बसमध्ये ते पुढे ड्रायव्हरजवळ बसू लागले. समोर आले तर नमस्कार करायचे, तोही व्यवस्थित, वाकून. मैदान मात्र त्यांनी सोडलं नाही. रविवारी एकटेच कुदळ घेऊन ती मातकट रेती उकरायचे. मी एकदा फावडं घेऊन गेलो. त्यांनी नको म्हटलं नाही, पण मी ज्या कोपऱ्यात लागलो त्याच्या अगदी उलट्या कोपऱ्यात ते गेले. तासाभरानं मी फावडं ठेवून घरी आलो. त्यांना ते बहुधा अपेक्षितच होतं.

पुढची निवड झाली. चूक खेळाडूचीच, असं समितीनं ठरवलं होतं, त्यामुळे प्रवीणचं नाव बोलावलेल्यांत नव्हतं. किनाऱ्याकडच्या कोणा मुलाची त्याच्या जागेवर निवड झाली. चांगलाच असेल, त्याचा काय दोष. माझा खेळातला रस मात्र तेव्हाच संपला. मिस्त्री त्याच सुमारास निवृत्त झाले आणि पारशिवनीकडच्या आपल्या गावी गेले. निरोप समारंभात माझं भाषण होतं, कारण मला चांगलं बोलता येतं. मी त्यांच्या सचोटीवर बोललो. टाळ्या पडल्या. ते खुर्चीत बसून स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

गावी जाऊन त्यांना भेटावं, सगळं कबूल करावं, असं मी कितीदा ठरवलं. पारशिवनीची बस धरली तर दीड तासाचा रस्ता. एकदा स्टँडवर जाऊन उभाही राहिलो आणि गर्दी आहे असं सांगून परत आलो. मग एका दिवशी कारखान्यातल्या कोणीतरी सांगितलं की मिस्त्री गेले. दुपारी जेवून पडले होते, उठले नाहीत.

तेरवीला गेलो. अंगणात मंडप होता, पंगती चालल्या होत्या. मी मागच्या बाजूला खुर्ची धरून बसलो आणि प्रवीण दिसला तेव्हा ती खांबाआड सरकवली. याला एवढे महिने मी चुकवत होतो. तो क्लबमध्ये यायचा, लहान मुलांना शिकवायचा, मी त्याच्या वेळा टाळून जायचो. हा बोलणार, आणि त्यानं बोलावंच, असं मला वाटलं. चारचौघांत बोलला तर आणखी बरं.

तो हातात चहा घेऊन सरळ माझ्याकडे आला. डाव्या हातात, कारण उजवा खांद्याच्या वर जात नाही. शेजारी बसला. म्हणाला, "भाऊ, तुम्ही माझ्यासाठी बोलले होते ना तठी, चौकशीत. मामानं सांगतलं मले."

मला कळेना तो काय म्हणतोय. तो सांगत होता की मामा त्या दिवशी चौकशीहून थेट त्याच्याकडे आले होते. म्हणाले, सेक्रेटरी तुझ्यासाठी भांडला. मी न पाहता सही केली, माझी चूक आहे, असं साहेबांच्या तोंडावर बोलला, टेबलावर हात आपटला. त्यांनी ऐकलं नाही, त्याला तो काय करणार. आणि मामानं त्याला शपथ घातली होती की क्लब सोडायचा नाही, खेळवणं सोडायचं नाही, क्लबमध्ये आपलं माणूस आहे.

"मी तर सोडूनच देणार होतो," प्रवीण म्हणाला. "तुमच्यामुळं राहिलो, भाऊ."

मंडपात कोणीतरी पंगत उठल्याचं ओरडत होतं. मिस्त्रींचा फोटो भिंतीशी ठेवला होता, कारखान्याच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यामुळे चेहरा जरा धूसर. जो माणूस आयुष्यात एका वाईट रेतीला चांगली म्हणाला नाही, त्यानं जिन्यातून उतरून त्याच पावली भाच्याच्या घरी जाऊन मला चांगलं म्हटलं होतं. खरं सांगण्याची ही माझी दुसरी संधी होती, आणि समोर साहेब नव्हते, प्रवीण होता.

त्यानं पुन्हा विचारलं, "बोलले होते ना?"

मी म्हटलं, "हो." आणि त्यानं पुढे केलेला चहा घेतला.